दोन गाड्या, एकच हब

"हे बाहेर कुणी फोडलं? मला नाव हवंय." पुण्याहून आलेले झोनल मॅनेजर खुर्चीत न बसताच बोलत होते. कोल्हापुरातल्या त्या शोरूमचा मी सेल्स मॅनेजर. नाव मला ठाऊक होतं.

भानगड पोझिशनिंगची होती. म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यात गाडी कुठं बसवायची, ते. आमच्या कंपनीचे दोन महाग ब्रँड होते. लक्झरीवाला मागच्या सीटवर बसणाऱ्या मालकासाठी, परफॉर्मन्सवाला स्वतः गाडी पळवणाऱ्यासाठी. मध्ये काचेची भिंत. सेल्समन वेगळे, दोन्हीकडचं अत्तरसुद्धा वेगळं. एकीजवळ दुसरीचं नाव काढायचं नाही, अशी सक्त ताकीद. इथला मालक स्वतःच गाडी चालवतो आणि मागं अख्खं घर बसवून जोतिबाला जातो, हे मी मीटिंगमध्ये सांगून पाहिलं होतं. सगळे हसले.

त्या वर्षी दसऱ्याआधी आप्पासाहेब लक्झरी गाडी बघायला आले. शिरोलीला त्यांची फाउंड्री. गाडी लिफ्टवर घ्या, चाक काढा म्हणाले. चाक ज्या ओतीव लोखंडी भागावर बसतं त्याला हब म्हणतात. त्या हबवर त्यांच्याच फाउंड्रीची खूण होती.

"हे आमचं हाय की," ते हळूच म्हणाले.

त्यांचा माल दुसऱ्या कारखान्यात मशिनिंगला जायचा. पुढं कुठल्या गाडीला लागतो, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. मग काचेपलीकडची लाल परफॉर्मन्स गाडीही मी लिफ्टवर घेतली. तिच्यातही तोच हब. हा माझा आगाऊपणा. पण माणूस इतका हरखला होता की मला राहवलं नाही. वर मीच म्हणालो, खंडेनवमीला कामगारांनाही आणा.

आले. भट्टीची पूजा आटोपून, धुवट कपड्यांत, वीसेक जण. दोन्ही गाड्यांच्या हबला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. साचे करणारा एक म्हातारा मोल्डर त्या खुणेवरून बोट फिरवत राहिला. आपला हब गाडीत बसलेला तो जन्मात पहिल्यांदा बघत होता.

शोरूममध्ये दसऱ्याची गर्दी होतीच. दोन्ही गाड्यांत आत एकच माल आहे, हे दोन दिवसांत गावभर झालं. मग लाल गाडीला जादा किंमत कशाची, असं जो तो विचारू लागला. बुकिंग रद्द होत गेली आणि साहेब पुण्याहून आले.

मी आप्पासाहेबांचं नाव दिलं. नोकरी जाईल या भीतीनं दिलं, दुसरं कारण नाही. आपला माल कुठं लागतो हे सप्लायरनं बोलायचं नाही, अशी करारात अट होती. महिन्याभरात हबची ऑर्डर बंद झाली. फाउंड्रीचं निम्मं काम तेच होतं. एक पाळी बंद पडली आणि तो म्हातारा मोल्डर घरी बसला.

आप्पासाहेब त्यानंतर एकदाच आले.

"नाव तुम्ही दिलंसा?"

"हो."

"कामगारांस्नी घेऊन या म्हणून कोण म्हणालं हुतं, तेबी सांगितलंसा न्हवं?"

ते मी सांगितलं नव्हतं. ते उठून गेले.

दोन वर्षांनी कंपनीनंच काचेची भिंत काढली. दोन्ही गाड्यांची बांधणी एकच, असं नव्या ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरांत, मिरवून छापलं होतं. ते वाटायचं काम माझ्याकडेच आलं.

धडा म्हणाल तर एवढाच. कंपनी नाव मागते तेव्हा तिला कुठलंही एक नाव पुरतं. मी माझंही देऊ शकलो असतो.