शेवाळाची अंघोळ

सहा पिशव्या मी स्वतःच्या हातानं धुतल्या, साबणाचा चुरा टाकून, आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातल्या. हेतू वाईट नव्हता. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेल्या माणसानं ‘उद्या मॅडम तपासायला येणार’ एवढं ऐकलं, की त्याचा हात बादलीकडं जातोच. साहेब येणार म्हणून आम्ही शाळेची घंटासुद्धा चिंचेनं घासलेली आहे.

पुण्याहून आलेल्या प्रगती मॅडम दोरीकडं बघत ओट्यावर बसल्याच.

“गुरुजी, सहा आठवडे या शेवाळानं हवेतली घाण धरून ठेवली होती. मला तीच तर तपासायची होती!”

शेवाळ होतं आमच्या शेजारच्या सुभानमामांच्या कामाचं. मामा यवतचे जुने पिंजारी. गादी नुसती हुंगून ‘ही बाळंतिणीच्या खोलीतली’ असं सांगणारे. दोन वर्षांपासून त्यांना खोकला लागला होता. डॉक्टर म्हणाले, कापसाची तूस छातीत गेली. मामांचा संशय मात्र दुकानामागच्या हौसरावांच्या गुऱ्हाळावर. तिथं काहिलीखाली जुने टायर जळत.

“चाळीस वर्षं कापूस खाल्ला, आन् नाव धुराचं!” राबियामामी म्हणायच्या.

मामा भांडले नाहीत. त्यांना फक्त खरं काय ते हवं होतं. म्हणून कॉलेजात वनस्पती शिकवणाऱ्या मॅडमना त्यांनी गाठलं. मॅडमनी जाळीच्या पिशव्यांत धुतलेलं शेवाळ भरलं. म्हणाल्या, “याला खरी मुळं नसतात. लागतं ते बरंचसं हवेतूनच घेतं.”

“म्हंजी हवेवरच जेवतं? मग उष्टं काय ठेवतं का न्हाई?” मामा विचारत राहिले.

एक पिशवी दुकानात टांगली, चार गुऱ्हाळाभोवती, एक तुलनेसाठी लांब, भीमेकाठच्या स्वच्छ हवेत वडगाव रासाईला. टायरच्या धुरात जस्त असतं, कापसात नसल्यासारखंच. हौसरावांनी चारचौघांत शब्द दिला होता, “शेवाळ टायर म्हणालं, तर चिपाडावर गूळ शिजवीन. न्हाई म्हणालं, तर मामांनी माझ्या धुराचं नाव काढायचं न्हाई.”

सहा आठवडे झाल्यावर मामांनी पिशव्या काढल्या आणि वर तूस बसू नये म्हणून माझ्या ओट्यावर ठेवल्या. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मी तोंड लपवत मामांकडं गेलो. रागावतील म्हटलं, तर ते पुढं सरकले.

“पानी कसं निघालं, गुरुजी?”

“चहासारखं.”

“दुधाच्या का कोऱ्या?”

“कोऱ्या.”

मामा खूश. पण हौसराव बादलीची साक्ष कशाला मानतील? ते दारात येऊन हसले, “अंघोळ झाली, गुरुजी, आता शेवाळाला गंध लावा!”

मॅडमनी ताजं शेवाळ आणलं. पुन्हा सहा आठवडे. या खेपेला मामांनी पिशव्या उंच टांगल्या, माझा हात पोचणार नाही अशा बेतानं. मी रोज खालून बघायचो, मामा मला बघायचे. काढल्या त्या दिवशी तर मॅडम येईपर्यंत ते पिशव्या मांडीवर घेऊन बसले.

महिन्यानं कागद आला. गुऱ्हाळाच्या अंगाच्या पिशव्यांत जस्त वडगावच्या कितीतरी पट. दुकानातल्या पिशवीत तूस होती, पण मागच्या खिडकीनं आलेलं जस्तही भरपूर. हौसरावांनी कागद दोनदा वाचला, एकदा उलटा धरूनही पाहिला. चार दिवसांनी टायर भरलेला ट्रॅक्टर परत गेला.

खोकला थोडा उतरला, पुरता गेला नाही. मामा पिंजत बसलेले असताना मी सहज विचारलं, “मामा, शेवाळानं तुमच्या कापसाचंच नाव घेतलं असतं तर?”

पिंजणाच्या कमानीवरची नजर न काढता मामा म्हणाले, “ही कमान चुलीत घातली असती.”