जागं राहण्याच्या गोळ्या

छप्पन्न सालच्या जानेवारीत मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर गोळीबार झाला, कर्फ्यू लागला आणि कॉलेजं बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती.

मनमोहन तळपदे ठाकूरद्वारला एका औषधांच्या दुकानात कंपाउंडर होते. त्या दिवसांत विद्यार्थी यायचे आणि हळूच म्हणायचे, "झोप उडवायच्या गोळ्या द्या." खरं तर डॉक्टरांची चिठ्ठी मागायला हवी. पण मालक अप्पा म्हणत, "अभ्यासालाच नेतायत ना? द्या." मनमोहन देत.

त्यांची मुलगी सुनेत्रा इंटर सायन्सला होती. मार्चमध्ये ती भराभरा बोलू लागली. जेवण ताटात तसंच राही, हात थरथरत. "अहो, हिचं काहीतरी बिनसलंय," यशोदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. मनमोहनना ती परीक्षेची धास्ती वाटली.

एका सकाळी सुनेत्राने खिडकी लावून घेतली. "बाबा, खाली साध्या वेशातले पोलीस आहेत. मला न्यायला आलेत."

ते दिवसच असे होते की कुणालाही खरं वाटलं असतं. वरच्या माळ्यावरच्या दोघांना खरोखरच धरून नेलं होतं. "मोर्चात गेली होतीस का? पत्रकं वाटलीस?" मनमोहननी विचारलं. ती नाही म्हणाली. त्यांनी खिडकी किलकिली केली. "कोण, दाखव."

तिने बोट केलं ते वेण्या विकणाऱ्या राधेकडे. राधा बारा वर्षं त्याच जागी बसत होती.

"ती बाई नाहीच आहे बाबा," सुनेत्रा कुजबुजली. मनमोहननी खिडकी लावली.

तिला काही दिवस शीवला मावशीकडे ठेवावं म्हणून यशोदाबाई कपडे भरायला लागल्या, तेव्हा पुस्तकांमागे गोळ्यांची बाटली सापडली. बाटलीवरचं अक्षर मनमोहनचं होतं.

"मैत्रिणीने आणून दिली. तुमच्याच दुकानातून," सुनेत्रा म्हणाली.

"किती घेतेस?"

"आधी अर्धी घ्यायचे. आता सहा, कधी सात."

मावशीकडे न धाडता ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला लावल्या आणि बजावलं, काही दिवस हिला एकटी सोडू नका. सुनेत्रा दोन दिवस झोपून होती. मग उठली ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. मनमोहनना तिच्या बडबडीपेक्षा हे जास्त भयंकर वाटलं. त्यांनी सुट्टी काढली. यशोदाबाई स्वयंपाकघरात असल्या की ते तिच्याजवळून हलत नसत. परीक्षा हुकली.

दुकानात परतल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "अप्पा, चिठ्ठीशिवाय माझ्या हातून गोळी जाणार नाही."

"तुम्ही नाही दिल्यात तर करी रोडच्या दुकानात मिळेल."

हे खरं होतं, आणि तेच त्यांना स्वस्थ बसू देईना. शेवटी ते जवळच्या एका कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि मुलांशी बोलायला दहा मिनिटं मागितली. बाहेर बोभाटा होईल म्हणून प्राचार्यांनी खूप आढेवेढे घेतले. पण नाही म्हणाले नाहीत.

आदल्या संध्याकाळी मनमोहननी लेकीला विचारलं, "तुझं सांगू का?"

"मी तुमची मुलगी हे सांगू नका. पण राधेचं सांगा."

वर्गात ऐंशीएक मुलं होती. "मी डॉक्टर नाही. या गोळ्या मी विकल्यात," मनमोहननी सुरुवात केली. गोळी थकवा घालवत नाही, नुसता झाकते. मग एक पुरत नाही, आणि माणसाला नसलेलं दिसू लागतं, हे त्यांनी सांगितलं. ओळखीच्या फुलवालीत पोलीस दिसलेल्या एका मुलीचीही हकिगत सांगितली. मागून कुणीतरी हसलं.

घोडपदेवचा हेरंब नावाचा मुलगा उठला. "सर, इतके दिवस वर्ग झाले नाहीत. अभ्यास पुरा कसा करायचा?"

"होणार नाही कदाचित," मनमोहन म्हणाले. "माझ्या मुलीचं वर्ष गेलं." शब्द तोंडातून निघून गेले होते. मागचं हसणं थांबलं.

लेकीला काय सांगायचं या विचारात ते जिना उतरत होते. हेरंब मागून आला. "गोळी घेतली नाही तर मला उठवतच नाही. घरी ठाऊक नाही."

"डॉक्टरांकडे आत्ता जाऊ."

"घरी कळेल?"

"कळेल. मी येतो तुझ्याबरोबर."

त्या दुपारी डॉक्टरांकडून ते दोघं घोडपदेवला गेले. हेरंबच्या वडिलांनी दार उघडलं, तेव्हा मनमोहननी आधी स्वतःचं नाव सांगितलं आणि मग दुकानाचं.