इटलीहून आलेलं कार्ड

परवा वडिलांची लष्करातली ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी सत्तरच्या दशकातली ती दुपार आठवली. कॅन्सरवरचा माझा पहिला शोधनिबंध नुकताच छापून आला होता आणि त्याची प्रत मागणारं एका संशोधकाचं पोस्टकार्ड थेट इटलीहून माझ्या प्रयोगशाळेत आलं होतं. ते दाखवायला मी वडूजला घरी गेले. वडील महायुद्धात इटलीत लढलेले. कार्ड उन्हाकडे धरून ते बराच वेळ तिकीट पाहत राहिले, मग म्हणाले, “आमी तिथं गेलो तवा आमाला कुणी बोलावलं न्हवतं, पोरी. तुझं लिवलेलं ते मागून घेत्यात.” कार्ड त्यांनी मला परत दिलंच नाही. आज माझ्या निबंधांचे दाखले जगात किती जणांनी दिले, ते संगणक मोजून सांगतो. परवा उघडलेल्या ट्रंकेत ते कार्ड वडिलांच्या पदकांच्या वर ठेवलेलं होतं.