सहादूअण्णांना खुनी माहीत होता

मी एसटीत कंडक्टर होतो. माणसाचं तोंड बघून हा तिकीट काढणार की मागच्या दारानं पळणार, हे ओळखण्यात माझी हयात गेली. तरी शेजारच्या सहादूअण्णांनी मला बनवलं. मला म्हणजे आमच्या अख्ख्या ग्रुपला.

ग्रुप माझाच. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, मी जुन्या सिनेमांना लागलो. राजूरच्या शिक्षिका यशोधराबाई, पाथर्डीचा एक फोटोवाला, चार-दोन पुण्याचे, एक दुबईचा. रविवारी दुपारी सगळे आपापल्या घरी मोबाईल पुढ्यात घेऊन बसतात. एक जण सिनेमा लावतो, तो सगळ्यांना एकदम दिसतो आणि कडेला एकमेकांची तोंडं दिसतात. रहस्यपट असला की नियम एकच, शेवट फोडायचा नाही. एका पुणेकरानं मध्येच "माळ्यावर लक्ष ठेवा" असं लिहिलं होतं. त्याला तिथंच ग्रुपमधून खाली उतरवला. तो अजून मेसेज करतो, मी उत्तर देत नाही.

सहादूअण्णा घोडेगावच्या गुरांच्या बाजारात दलाल होते. या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि भोवती उभ्या असलेल्या पन्नास जणांना काही कळत नाही. त्यात अण्णांचा हातखंडा. रुमालाखाली काहीही चालू असो, चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा. बाजाराबाहेर मात्र या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. कुणाच्या सुनेला दिवस गेले हे सासूच्या आधी अण्णांना माहीत असतं आणि संध्याकाळपर्यंत गावाला.

फक्त एक गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. तरुणपणी गावात तंबूतला सिनेमा आला होता. बंगला, म्हातारा मालक, त्याचा खून आणि पाच संशयित. नाव सांगत नाही, तुम्ही लगेच शोधायला लागाल. अण्णा आणि त्यांची बायको आक्काबाई जोडीनं गेले. सिनेमा रंगात आला आणि कडेवरचं पोर रडायला लागलं, म्हणून आक्काबाई त्याला घेऊन बाहेर बैलगाडीत जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा चारचौघांत "खुनी कोन ते मला म्हाईत हाय" असं म्हणाले, तेव्हा आक्काबाईंनी सगळ्यांदेखत बजावलं, "मला सांगू नका. मी माझ्या डोळ्यांनी बगंन तवा बगंन."

तंबू गेला, तो सिनेमा पुन्हा कधी आला नाही. अण्णांनी शब्द पाळला. ग्रुपवर हे कळल्यापासून त्यांचा मान असा वाढला की विचारू नका. आमच्यातल्या एकानंही तो सिनेमा पाहिलेला नव्हता आणि अण्णांना शेवट माहीत होता.

मग यशोधराबाईंना कुठून तरी त्याची प्रत मिळाली. मी आनंदानं अण्णांकडे गेलो. वाटलं, पेढे देतील.

"कशाला उगं?" अण्णा म्हणाले. "लई वंगाळ हाय त्यो शिनेमा."

"अहो, वहिनींचा शेवट बघायचा राहिलाय ना!"

त्यांनी आत नजर टाकली. आक्काबाई शेंगा फोडत होत्या. अण्णा माझा दंड धरून मला गोठ्यामागं घेऊन गेले.

"कंडक्टर, म्या न्हाई बगितला शेवट."

मी कपाळावर हात मारला.

"ही पोराला घिऊन भाईर गेली. भाईर अंधार, बाजाराची मानसं पिऊन पडल्याली. माझं ध्यान लागंना. मागल्या अंगानं सटाकलो अन लिंबाआड हुबा ऱ्हायलो, हिच्यावर नजर ठिवून. सुटल्यावर गर्दीत मिसाळलो."

"मग तसं सांगायचं की!"

"कुनाला सांगू? बाकीचे दलाल तंबूत हुते. बायकूचा बैल म्हनले असते जलमभर. म्हनून म्हनलो, बगितला. अन एकदा म्हनलं ते म्हनलं. दलालाचा शब्द हाय त्यो. हिला आता कळलं, तर ही म्हनंल, ह्या मानसाचं दुसरं काय काय खोटं आसंल?"

मला राग आला आणि कीवही आली. एवढं वय झालं आणि माणूस बायकोला भितो, ते कशाला, तर तिच्या काळजीनं बाहेर गेलो हे कळेल म्हणून! पण ते खरोखर घाबरले होते. मी म्हणालो, "अण्णा, सोपं आहे. खुनी दिसला की तोंड हलवायचं नाही. रुमालाखालचा चेहरा ठेवायचा. तुमचा तर धंदाच तो."

रविवारी त्यांच्याच घरी बसलो. मोबाईल मीच डब्याला टेकवून उभा केला. अण्णा स्वच्छ धोतर नेसून, खांद्यावर रुमाल टाकून. आक्काबाई शेजारी. ग्रुपनं आग्रह केला म्हणून अण्णांना आधी दोन शब्द बोलावे लागले. "बगा. शेवटाला मजा हाय," एवढंच बोलले आणि घाम पुसला. त्या गडबडीत माईक बंद करायचा मी विसरलो.

सिनेमा चांगला होता. खोटं कशाला बोलू, मीही दोनदा दचकलो. शेवटचा भाग सुरू व्हायच्या आधी यशोधराबाईंनी थांबवून सगळ्यांचा अंदाज मागितला. कुणी डॉक्टर लिहिलं, कुणी पुतण्या. आक्काबाई म्हणाल्या, "मला लिव्हाया येत न्हाई. मी यांनाच सांगते." त्यांनी अण्णांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्याखाली हात घातला आणि अण्णांचं बोट धरलं. पाच बोटं, पाच संशयित.

"बराबर हाय का?"

अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "फुडं बग."

आक्काबाई गालात हसल्या. मला ते हसू जरा खटकलं, पण सिनेमा सुरू झाला.

बंगल्यात अंधार. जिन्यावर पावलं. अण्णांची मान ताठ, ओठ मिटलेले, चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा. वाटलं, निभावलं. मग सिनेमातल्या बाईनं दिवा लावला आणि खुन्याचं तोंड दिसलं.

"आरं तिच्या मायला! ह्यो व्हय!"

अण्णा खाटेवरून उठून उभेच राहिले, गुडघे विसरून. चहाचा कप लवंडला. खुनी कोण ते मी इथंही सांगणार नाही, पण अण्णांचा दोष नव्हता. कुणीही उठलं असतं.

मोबाईलमधले सगळे चेहरे सिनेमा सोडून आमच्याकडे बघायला लागले. माईक चालू होता हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझ्यासारखा गाढव मीच. यशोधराबाईंनी विचारलं, "अण्णा? तुम्हाला तर माहीत होतं ना?"

तेवढ्यात आक्काबाई मोबाईलकडे वाकल्या. "बाई, त्यांचं काय न्हाई. मीच चिमटा घेतला त्यांना. माझा अंदाज चुकला म्हनून." सगळे हसले. दुबईवाल्यानं टाळ्या वाजवल्या. अण्णांचा मान होता तिथंच राहिला.

"ते बंद करा आता, कंडक्टर," त्या मला म्हणाल्या. मी माईक, कॅमेरा, सगळं बंद केलं.

अण्णा खाली बसले. "आक्के, मी तुला..."

"लिंबाआड बिडी वडत हुता तुमी. एक इझली की दुसरी. गाडीतनं दिसत हुती मला."

"तवापासनं म्हाईत हाय तुला?"

"मग सांगू नका, सांगू नका, ते काय येडी म्हनून म्हनत हुते? कुनी इच्यारलं आसतं, तर काय सांगनार हुता तुमी?"

"मग मला तरी बोलायचं गं!"

"माझ्यामागं आल्ता तुमी, शिनेमा टाकून," आक्काबाई सांडलेला चहा पुसत म्हणाल्या. "वर ते कबूल करायला लावू व्हय?"

अण्णांनी रुमाल डोळ्यांना लावला. मी मोबाईल खिशात घातला आणि न विचारता घरी आलो.