आकाशगंगेची खरखर
मी सातवी शिकलेलो. वागळे इस्टेटमध्ये लेथ चालवून निवृत्त झाल्यावर टीव्हीची जुनी छत्री आणि तेलाच्या डब्याचा पत्रा घेऊन आमच्या डोंबिवलीच्या गच्चीवर आकाश ऐकायचं यंत्र बनवलं. रोज दुपारी ठरल्या वेळी स्पीकरमधली खरखर वाढायची. आकाशगंगा माथ्यावर आली, असं सांगत मी बिल्डिंगभर पेढे वाटले. खालच्या मजल्यावरचा माझा मित्र सोसायटीचा पाण्याचा पंप चालू करून वर यायचा आणि माझ्याशेजारी बसून मान डोलवायचा.

परवा खरखर वाढलीच नाही. मी वायरी तपासत बसलो, तर तो म्हणाला, "अरे, राहू दे. पंपाची मोटर जळलीय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. आकाशातलं काहीही रोज चार मिनिटं आधी माथ्यावर येतं. तुझी खरखर मात्र रोज त्याच वेळी, मी पंप चालू केला की यायची. पण तू पेढे वाटलेलेस, कसं सांगणार?"

"आणि माझे पेढे खाऊन मान डोलवत होतास?"

"दोनच खाल्ले रे," तो हसला.

मला हसू आलं नाही. यंत्र मी मोडलेलं नाही. आता पंप बंद असतानाच ऐकतो. फक्त जिन्यात त्याच्या चपला वाजल्या की गच्चीच्या दाराला कडी घालतो.