शेठनी लावलेली गर्दी

धर्माबादच्या एका अडत दुकानाची वेबसाइट मी नांदेडला घरी बसून सांभाळते. मिरची आणि सोयाबीनचा रोजचा भाव तिच्यावर लागतो. तो बघून आसपासचे शेतकरी माल आज आणायचा की थांबायचं, ते ठरवतात. आणि ऐन लिलावाच्या वेळी ती रोज मान टाकायची.

"ताई, उद्या बंद पडली तर कायमची काढून टाकतो," दुकानाचे शेठ फोनवर म्हणाले. "फळा आणून ठिवलाय. खडूनं भाव लिहितो. लई झालं तुमचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या मेहनतीनं उभी केलेली साइट, आणि हा माणूस खडू दाखवतोय! दुपारभर शोधलं तेव्हा चोर सापडला, तोही घरातलाच. अशा साइटच्या पोटात ठरलेली कामं करणारी एक सोय असते: भाव ताजे करणं, मेसेज धाडणं. तिला स्वतःचं घड्याळ नसतं. कुणी पान उघडलं की ती बघते, काही काम राहिलंय का, आणि राहिलं असलं की भर गर्दीत तिथंच पसारा मांडून बसते. जितकी माणसं पान उघडणार, तितका पसारा, आणि साइट ठप्प.

पण इतकी गर्दी येते कुठून? शेठना विचारलं.

"मीच लावली की! हमाल, मापाडी, गावाकडचे सगळे ग्रुप. घडीघडीला उघडा म्हणलं. रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक येतंय व्हय? आधी आपली चार माणसं बसवावी लागतात."

कपाळावर हात मारून घेतला. साइट अडकली की हे आणखी माणसं लावत, आणि ती आणखी अडकत असे. समजावून सांगितलं, तर म्हणाले, "लोकाला येऊ नका कसं म्हणू?" तेवढं मात्र खरं होतं.

मग ती आतली सोयच बंद केली आणि कामं सर्व्हरच्या घड्याळाला बांधून दिली. आता ती दर पंधरा मिनिटांनी होणार, कुणी येवो न येवो. दुसऱ्या दिवशी लिलावाच्या वेळी जीव मुठीत धरून बसले. पान झटक्यात उघडत होतं.

शेठचा फोन आला. "बघा ताई! काल दुप्पट माणसं लावली, तवा कुठं चालली."

"अहो शेठ, ते मी..."

"हाव, हाव. तुम्ही बी केलं असंल काहीतरी."

दातओठ खाऊन विचारलं, "आणि तो फळा?"

"दुकानाच्या दारात लावलाय. तुमच्या साइटचा पत्ता लिहिलाय त्याच्यावर, ह्ये मोठ्या अक्षरात."