वजनदार पाहुणे आणि रतनपुरुष

आमच्या हिंगणघाटच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात, दोन गोष्टी साठत जातात: रद्दी आणि किस्से. रद्दी झाडं दाबून वाळवायला लागते. किस्से चार मित्र बसले की आपोआप बाहेर पडतात. जिल्ह्यातल्या वनस्पतींच्या नव्या पुस्तकात आज रतनपुरुष दिमाखात छापलाय, तो आमच्यामुळे! रानातल्या व्हायोलेटच्या घराण्यातलं हे वीतभर झाड. गवतात लपलेलं, फुलाला एकच मोठी जांभळट पाकळी.

*

पुस्तक लिहिणाऱ्या तज्ज्ञ सरांनी आधी त्याला साफ उडवलं होतं. फुलासकट वाळवलेला नमुना दाखवा, नाहीतर हे झाड तुमच्या जिल्ह्यात नाही, असं त्यांनी फोनवर सुनावलं. आमच्या विभागप्रमुख वानखेडे मॅडमचं बालपण जिल्ह्यातल्याच आष्टीचं. शाळेच्या वाटेवर हे फूल त्यांनी कितीदा पाहिलेलं. त्यात रिटायरमेंट तोंडावर. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "म्या पाह्यलेलं फूल हा माणूस खोडून राह्यला. आता ते पुस्तकात आल्याशिवाय मी घरी नाई जात."

*

पहिला नमुना मी आणला, आष्टीहून एसटीने. हिंगणघाटला उतरून बॅग उघडली तर पाकळी गळून गेलेली, नुसता काड्यांचा झुबका हातात. तज्ज्ञ सर म्हणाले, हे कुठलंही गवत असू शकतं. मॅडमनी आठवडाभर मला चहा विचारला नाही.

*

झाडं दाबायच्या लाकडी फळ्यांचे पट्टे तुटले होते आणि नवे काही मंजूर होईनात. मॅडमनी तोडगा काढला. रद्दीत झाड घालून फळ्या पाहुण्यांच्या बाकावर ठेवल्या, वर गादी टाकली, आणि येईल त्याला तिथेच बसवू लागल्या. चहा पाजून, अगदी आग्रहाने! आमचे प्रिन्सिपॉल किडकिडीत. ते बसले तेव्हा मॅडम नम्रपणे म्हणाल्या, "सर, पाय वर घेता का? वजन कमी पडून राह्यलं."

*

प्राणिशास्त्राचे गजभिये सर मात्र भरभक्कम, त्यामुळे त्यांना रोजचं आमंत्रण. त्यांच्याखाली दुसरा नमुना झकास वाळत होता. एक दिवस बसल्याबसल्या ते कंटाळले, गादीखालचा पेपर ओढला आणि वाचत बसले. मॅडम येऊन पाहतात तर फूल गायब. सर शांतपणे म्हणाले, "त्या पेपरले काहीतरी वाळलेलं चिकटलं होतं. झटकून टाकलं म्या."

*

तिसरं फूल सापडलं हायवेवरच्या जाम गावाला. मॅडमच्या भाच्याचं लग्न होतं, नवरदेवाची गाडी चौकात चहाला थांबली आणि मॅडम ढाब्यामागच्या गवतात शिरल्या. मुहूर्त टळत चालला, वऱ्हाडी हाका मारून दमले. मॅडम तिथूनच म्हणाल्या, "नवरदेव थांबते, फूल नाई थांबत." आहेराच्या साडीतला पुठ्ठा काढून त्यात फूल दाबलं, मगच गाडीत बसल्या. लग्न लागलं, जरा उशिरा.

*

त्याच आठवड्यात तज्ज्ञ सर दुसऱ्या कामासाठी कॉलेजात आले. चांगले जाडजूड गृहस्थ. मॅडमनी त्यांना आग्रहाने गादीवर बसवलं. सकाळीच मी गादीखालच्या फळ्यांतले पेपर बदलले होते आणि पाकळी रंगासकट जशीच्या तशी होती. मला राहवेना, पण मॅडमनी डोळ्यांनी गप्प केलं. रतनपुरुष इथे का असू शकत नाही, ते सर सविस्तर समजावत राहिले. मॅडम मान डोलवत होत्या. त्यांनी दुसरा चहा मागवला, मग पोहे.

शेवटी बशी बाजूला ठेवून सर हसले. "असेल तर दाखवा ना मॅडम. कुठे आहे?"

मॅडम म्हणाल्या, "सर, उठा जरा."